कर्नेलमधला अभिमन्यू

१९ जुलै २०२४, शुक्रवार. त्या दिवशी भारतातल्या विमानतळांवर लोकांना चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले आणि त्यांचे फोटो दिवसभर सगळीकडे फिरत होते. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स निळ्या स्क्रीनवर आणून बसवली होती (आकडा मायक्रोसॉफ्टचा). बँका, हॉस्पिटलं, विमान कंपन्या... सगळ्यांचा टांगा पलटी.

नंतर कंपनीने सविस्तर अहवाल दिला. त्यातलं मूळ कारण अगदी साधं आहे. त्यांचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नेलमध्ये चालतो. नियमांच्या फाइलमध्ये २१ रकाने असतील असं व्याख्येत म्हटलं होतं, आणि प्रत्यक्ष कोड पुरवत होता २०. एकविसावा रकाना वाचायला गेलं की आपल्या हद्दीबाहेरची मेमरी. मग हे आधी का नाही फुटलं? कारण तोपर्यंतच्या सगळ्या नियमांत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' असं लिहिलेलं होतं, त्यामुळे तो वाचायची वेळच आली नव्हती. खड्डा फेब्रुवारीपासून तिथेच होता. १९ जुलैला त्या वाटेने पहिल्यांदा कोणीतरी गेलं, इतकंच.

मंडळी, आज लिहायचंय ते अशाच आडवाटांबद्दल. कर्नेलच्या ड्रायव्हरमधली सगळ्यात मोठी आडवाट म्हणजे एरर पाथ. काहीतरी बिनसलं की आतापर्यंत घेतलेलं सगळं नीट परत करून बाहेर पडायची वाट. आपल्या महाभारतातला अभिमन्यू आठवतोय ना? चक्रव्यूहात शिरायचं कसं ते त्याला पक्कं माहीत होतं, बाहेर कसं पडायचं ते नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची गोष्ट पन्नास वर्षं जवळजवळ हीच आहे. फरक इतकाच की अभिमन्यू एकटा होता, आणि हे हजारो आहेत.

आधी भानगड काय आहे ते समजून घेऊ. ज्यांनी कधी सी लिहिलेलं नाही त्यांच्यासाठी लग्नाचं उदाहरण घेतो. आधी हॉल बुक केला. मग केटररला ॲडव्हान्स दिला. मग डेकोरेटर ठरवला. मग बँडवाल्याला फोन केला आणि तो म्हणाला, त्या तारखेला जमणार नाही. समजा आपल्याला बँडशिवाय लग्नच करायचं नाहीये. आता काय करायचं? डेकोरेटर रद्द, मग केटरर रद्द, मग हॉल रद्द. बरोब्बर उलट्या क्रमाने. आणि नकार केटररकडूनच आला असता तर? तर फक्त हॉल रद्द करायचा. डेकोरेटरला फोन करून "रद्द करा" म्हणालात तर तो विचारेल, "कुठलं लग्न हो?"

नवीन हार्डवेअर सापडलं की ड्रायव्हरचं 'प्रोब' नावाचं फंक्शन चालतं आणि ते नेमकं हेच करतं. मेमरी घे, डिव्हाइसची रजिस्टर्स मॅप कर, क्लॉक चालू कर, इंटरप्टसाठी नाव नोंदव, शेवटी बाकीच्या कर्नेलला सांग की बाबांनो मी तयार आहे. यातली प्रत्येक पायरी फसू शकते आणि प्रत्येक पायरीवर फसण्याचा अर्थ वेगळा. दहा पायऱ्या असतील तर बाहेर पडायच्या दहा वेगवेगळ्या वाटा.

चुका तीन प्रकारच्या होतात. पहिली, रद्द करायला विसरलात. हॉलचे पैसे बुडाले. याला लीक म्हणतात. दुसरी, एकच गोष्ट दोनदा रद्द केलीत. हा डबल फ्री. तिसरी सगळ्यात वाईट: हॉल रद्द केलात पण केटररला सांगायचं राहिलं. हॉलवाल्याने ती तारीख दुसऱ्या कुटुंबाला दिली आणि आपला केटरर ठरल्या वेळी येऊन त्यांच्या लग्नात पंगत मांडून बसला! याला म्हणतात यूज-आफ्टर-फ्री. मेमरी परत केली, ती दुसऱ्या कोणाला मिळाली, आणि आपला जिवंत राहिलेला इंटरप्ट हँडलर अजून तिथे लिहितोय. हॅकर मंडळींचं या तिसऱ्या प्रकारावर विशेष प्रेम, कारण ती जागा नेमकी कोणाला मिळावी हे कधीकधी त्यांना ठरवता येतं.

आता तुम्ही म्हणाल, आम्हीही रोज कोड लिहितो, आमच्याकडे का नाही इतका बाऊ? त्याचं कारण आपल्याला एक सोय फुकटात मिळते. आपला साधा प्रोग्रॅम मेला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या मागे झाडू घेऊन येते. मेमरी परत, फाइल्स बंद. कर्नेलच्या मागे झाडू घेऊन येणारं कोणी नसतं, कारण झाडूवाला तोच. तिथे झालेली लीक मशिन रीबूट होईपर्यंत तशीच राहते, आणि तिथलं यूज-आफ्टर-फ्री म्हणजे अख्ख्या मशिनच्या चाव्या.

* * *

गोष्टीची सुरुवात सत्तरच्या दशकात होते. बेल लॅब्समध्ये डेनिस रिचीने १९७२च्या सुमारास सी भाषा घडवली आणि १९७३ साली युनिक्सचं कर्नेल सी मध्ये पुन्हा लिहिलं गेलं. सी मध्ये मेमरी मागायची सोय आहे, परत करायची सोय आहे. परत करायची आठवण ठेवायची सोय मात्र नाही. ते काम प्रोग्रॅमरच्या डोक्याचं. छोट्या मशिनवर, मोजक्या लोकांनी लिहिलेल्या कोडसाठी हा सौदा तेव्हा वाजवी होता.

त्याच्या चार-पाच वर्षं आधी आणखी एक गोष्ट झाली होती. मार्च १९६८मध्ये डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने गोटू या स्टेटमेंटविरुद्ध एक पत्र छापून आणलं. त्याचं ते गाजलेलं शीर्षक मात्र त्याचं नव्हतं, संपादक निकलाउस व्हिर्टचं होतं. गोटूने प्रोग्रॅमचा प्रवाह कुठूनही कुठेही उडी मारतो आणि वाचणाऱ्याला काही कळेनासं होतं, हा त्याचा मुद्दा. पुढच्या पिढ्यांनी तो इतका मनावर घेतला की आमच्या इंजिनिअरिंगच्या लॅबमध्येसुद्धा गोटू लिहिणं म्हणजे देवळात चपला घालून जाण्यासारखं होतं.

आणि मग मी पहिल्यांदा लिनक्सचा एक ड्रायव्हर उघडून पाहिला. गोटूच गोटू! बरं, हे कोणी चोरून लिहिलेलं नाही. कर्नेलच्या अधिकृत कोडिंग स्टाइलच्या दस्तऐवजात यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. फंक्शनमधून अनेक ठिकाणांहून बाहेर पडायचं असेल आणि साफसफाई समाईक असेल तर गोटू वापरा, असं ते सरळ सांगतं.

कारण सी मध्ये दुसरा सोयीचा पर्याय नाही. सी++ मध्ये ऑब्जेक्ट नाहीसा होताना त्याचा डिस्ट्रक्टर आपोआप चालतो, जावात फायनली आहे. (लिनक्सने १९९२मध्ये सी++ वापरून पाहिलं होतं आणि सोडून दिलं.) मग सी मध्ये काय करायचं? प्रत्येक ठिकाणी आधीच्या सगळ्या गोष्टी परत करायचा कोड पुन्हा पुन्हा लिहायचा, किंवा फंक्शनच्या शेवटी एक शिडी बांधायची. सगळ्यात वरच्या पायरीवर शेवटी घेतलेली गोष्ट परत करायची, त्याखाली त्याआधीची, असं करत तळाला. ज्या पायरीवर फसलात त्याच्या बरोबरीच्या लेबलवर गोटूने उडी मारायची आणि तिथून खाली घसरत यायचं. उलटा क्रम आपोआप मिळतो. मला ही कल्पना अजूनही देखणी वाटते. डाइक्स्ट्राचा राग होता तो कुठेही उड्या मारण्यावर. इथे उडी एकाच दिशेला, खाली, बाहेर.

पण शिडी देखणी असली तरी ती हातानेच बांधलेली. मध्ये एक नवीन पायरी घातली आणि खाली तिचं लेबल घालायला विसरलात, की गेलं. वरच्या दोन पायऱ्यांचा क्रम बदलला आणि खालचा तसाच राहिला, की गेलं. आळस करून सगळ्यांसाठी एकच 'एर' नावाचं लेबल ठेवलं तर जी गोष्ट अजून घेतलीच नाही तिच्यातलं काहीतरी परत करायला जाता. हा प्रकार इतका नेहमीचा की स्टाइलच्या त्या दस्तऐवजात त्याला 'वन एर बग' असं नावच दिलंय.

शिवाय काही सापळे नियमांतच दडलेले. ड्रायव्हरमध्ये एक डिव्हाइस-रजिस्टर नावाचं फंक्शन असतं. ते फसलं तर साधी समजूत सांगते की नोंदणी झालीच नाही, तर मेमरी सरळ सोडून द्यावी. चूक! ते फसलं तरी रेफरन्स काउंट चालू झालेला असतो, म्हणून थेट मेमरी सोडायची नाही, आपला रेफरन्स तेवढा सोडायचा. तसंच डिव्हाइसला झोपेतून उठवणारं एक फंक्शन आहे. ते फसलं तरी वापराचा आकडा एकने वाढवूनच परत येतं. म्हणजे केटरर नाही म्हणाला तरी ॲडव्हान्स त्याच्याकडेच! कित्येक ड्रायव्हरांत तो आकडा परत कमी करायचा राहून गेला. शेवटी २०२०मध्ये फसल्यावर स्वतःच आकडा परत कमी करणारं वेगळं फंक्शन कर्नेलमध्ये आणावं लागलं.

* * *

हे सगळं 'अनुभवाने माहीत' होतं. आकडे आले २००१मध्ये. स्टॅनफर्डच्या डॉसन एंगलर यांच्या गटाने लिनक्सच्या सुमारे सात वर्षांच्या आवृत्त्यांवर स्वतः लिहिलेली तपासणी यंत्रणा चालवली. निष्कर्ष: ड्रायव्हरमधलं चुकांचं प्रमाण बाकीच्या कर्नेलच्या तिप्पट ते सातपट. एकेक बग सरासरी १.८ वर्षं जिवंत राहत होता. याच गटाच्या कामातून पुढे कव्हेरिटी ही कंपनी निघाली.

विंडोजची अवस्था काही वेगळी नव्हती. २००३मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दिलेला आकडा असा की विंडोज एक्सपीच्या नोंदवलेल्या क्रॅशपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते. आपण सगळे तेव्हा बिल गेट्सच्या नावाने खडे फोडत होतो. बरेचसे खडे खरं तर कुठल्यातरी साउंड कार्ड किंवा प्रिंटर कंपनीला जायला हवे होते. :-) मायक्रोसॉफ्टने स्वतः यावर मोठं काम केलं. टॉम बॉल आणि श्रीराम राजमणी यांच्या स्लॅम प्रकल्पातून ड्रायव्हर न चालवता तपासणारं साधन निघालं. 'घेतलेलं लॉक सोडलंय का' असे नियम ते प्रत्येक वाटेवर पडताळून बघायचं.

पण ड्रायव्हरच इतके वाईट का? एक कारण म्हणजे कर्नेलचा निम्म्याहून जास्त कोड ड्रायव्हरचा असतो आणि प्रत्येक ड्रायव्हर मोजकेच लोक वापरतात. दुसरं कारण मला सगळ्यात सुंदर शब्दांत सापडलं ते कर्नेलच्याच दस्तऐवजात, तेजुन हिओ या डेव्हलपरने लिहिलेल्या. तो हार्ड डिस्क कंट्रोलरच्या ड्रायव्हरवर काम करत होता आणि त्याला दिसलं की जवळपास सगळ्यांच्याच एरर पाथमध्ये बग आहेत. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: होय, ड्रायव्हर लिहिणारे आळशी असतात, पण कोण नसतं? धड माहितीपत्रक नसलेल्या विचित्र हार्डवेअरशी दिवसभर झगडल्यावर ते एकदाचं चाललं, की चाललं! सुरू होताना फसण्याची वाट तर कोणी वापरतच नाही, त्यामुळे ती चुकीची आहे हे कळतच नाही.

हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. कारण आपल्या धंद्यात सर्वसाधारण सूर काय असतो? बग निघाला की कोणी लिहिला ते शोधा. "नीट लक्ष द्यायला काय होतं?" हिओने हा प्रश्नच बाजूला ठेवला. माणसं थकणार, विसरणार, हे गृहीत धरलं आणि विचारलं की मग आठवण ठेवायचं काम दुसऱ्या कोणाला देता येईल का?

त्याचं उत्तर 'डेव्हरेस' या नावाने २००७मध्ये, लिनक्स २.६.२१ मध्ये आलं. कल्पना अशी की मेमरी मागताना ती कुठल्या डिव्हाइससाठी हवी ते सांगायचं. कर्नेल त्या डिव्हाइसच्या नावाने वही ठेवतो. प्रोब मध्येच फसलं किंवा डिव्हाइस काढून टाकलं, की वही उलट्या क्रमाने वाचत सगळं परत. लग्नाच्या भाषेत, इव्हेंट मॅनेजर नेमला. शिडीची गरजच नाही. आज लिनक्समधले असंख्य ड्रायव्हर याच पद्धतीने लिहिलेले आहेत.

त्याच वर्षी आलेल्या २.६.२० मध्ये आणखी एक मजेशीर सोय आली होती. मेमरी मागितल्यावर मुद्दाम 'नाही' म्हणणारी. म्हणजे कोणी न वापरलेल्या वाटेवरून जबरदस्तीने माणूस पाठवायचा आणि खड्डा आहे का बघायचं. पुढे २०१५मध्ये कसान हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन कर्नेलमध्ये आलं, आणि गूगलचं सिझकॉलर यंत्र दिवसरात्र कर्नेलवर वेड्यावाकड्या मागण्यांचा मारा करू लागलं. २०१७मध्ये हीच पद्धत यूएसबी ड्रायव्हरवर वापरली तेव्हा बगांची रांग लागली. यूएसबीची गंमत लक्षात घ्या. तिथे पायरी कधी फसावी हे डिव्हाइस ठरवतं. तुमच्या लॅपटॉपला कोणी मुद्दाम बनवलेला पेनड्राइव्ह लावला, आणि तो तिसऱ्या पायरीवर ठरवून खोटं बोलला, तर तो तुमच्या ड्रायव्हरला त्या न तपासलेल्या आडवाटेवर स्वतः ढकलतो. 'असं कधी होत नाही' हे वाक्य तिथे संपतं.

कर्नेलबाहेरचंही एक उदाहरण सांगायला हवं. फेब्रुवारी २०१४मध्ये ॲपलच्या सुरक्षित कनेक्शनच्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा लागोपाठ आलेली सापडली. दुसरी ओळ कुठल्याही अटीशिवाय थेट शेवटच्या साफसफाईकडे उडी मारायची. साफसफाई अगदी व्यवस्थित व्हायची, आणि एररचा आकडा तोपर्यंत शून्यच असल्यामुळे फंक्शन सांगायचं, सगळं ठीक! सर्व्हरची सही न तपासताच. आयफोन आणि मॅक वापरणारे अनेक जण एका जादा ओळीमुळे उघडे पडले होते.

* * *

आता या गोष्टीतलं सगळ्यात कडवट प्रकरण. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२०मध्ये एक प्रयोग केला. चांगली दुरुस्ती वाटेल असा, पण आतून बग घालणारा पॅच कर्नेलमध्ये खपवता येतो का? खोट्या नावांनी पॅच पाठवले गेले. आणि लपायला त्यांना सोयीची जागा कुठली वाटली असेल? बरोबर. एरर पाथ. 'इथे लीक होतेय, मी परत करायची ओळ घालतो' असं म्हणायचं आणि ती ओळ अशा जागी घालायची की लीकच्या ऐवजी यूज-आफ्टर-फ्री तयार होईल. तिथे कोणी नीट बघत नाही, हेच प्रयोगाचं गृहीतक.

एप्रिल २०२१मध्ये प्रकरण भडकलं. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून पॅच घेणंच थांबवलं, संशोधकांनी माफी मागितली, शोधनिबंध मागे घेतला. पॅच तपासणाऱ्या माणसांवर त्यांना न विचारता प्रयोग करायचा, याचा राग यायलाच हवा होता, आणि आला. लिनक्स फाउंडेशनच्या तांत्रिक सल्लागार मंडळाच्या अहवालानुसार प्रयोगातले चुकीचे पॅच मेंटेनरांनी पकडले किंवा दुर्लक्षित केले. एक मात्र स्वीकारला गेला, कारण तो बरोबरच निघाला! लिहिणाऱ्याला ड्रायव्हरचे नियम नीट न कळल्यामुळे त्याला चूक मुद्दाम करतानाही जमली नाही.

हसू येतं, पण मला त्या अहवालातले दुसरे आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात. त्या विद्यापीठातून आधी आलेले ४३५ पॅच पुन्हा तपासले गेले. हे प्रामाणिकपणे पाठवलेले होते, त्यातले बरेच अशाच राहून गेलेल्या तपासण्या आणि लीकच्या दुरुस्त्यांचे. बहुतेक सगळे ठीक निघाले. पण ३९ दुरुस्त करावे लागले आणि आणखी २५ आधीच कोणीतरी नंतर दुरुस्त केलेले होते. म्हणजे अभ्यास करणाऱ्या माणसांनी, चांगल्या हेतूने, दुसऱ्याची चूक सुधारायला लिहिलेले आणि मेंटेनरांनी तपासून घेतलेले पॅचसुद्धा जवळजवळ सातातला एक चुकीचा. इथे 'नीट लक्ष द्या' हा सल्ला पुरेसा नाही, हे सांगायला आणखी काय पुरावा हवा?

* * *

बरं, डेव्हरेस तर होतंच ना? होतं. पण २०२२च्या लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्समध्ये लोरां पिंशार या डेव्हलपरने त्याच्या मेमरी देणाऱ्या फंक्शनला थेट 'घातक' ठरवणारं व्याख्यान दिलं. मुद्दा असा की वही डिव्हाइसच्या नावाची आहे. तुम्ही वेबकॅमची वायर ओढून काढलीत, डिव्हाइस गेलं, वही रिकामी झाली, मेमरी परत. पण व्हिडिओ कॉलच्या ॲप्लिकेशनने तो कॅमेरा अजून उघडाच ठेवलाय! त्याने पुढची मागणी केली की ड्रायव्हर परत दिलेल्या मेमरीत हात घालतो. इव्हेंट मॅनेजरने वधू-वर गेले म्हणून मांडव उतरवला, आणि पाहुणे अजून जेवतायत. आठवण ठेवायला कोणी असणं पुरेसं नाही, 'कधी' परत करायचं हेही बरोबर ठरलेलं हवं.

२०२३मध्ये लिनक्स ६.५ मध्ये पीटर झाइलस्ट्राच्या कामातून वेगळा उपाय आला. व्हेरिएबल जाहीर करतानाच सांगायचं की हे संपलं की असं असं परत कर. फंक्शनमधून कुठूनही बाहेर पडा, कंपायलर ती ओळ स्वतः घालतो. यामागची सोय जीसीसी कंपायलरमध्ये २००३पासून होती! वीस वर्षांनी कर्नेलला पटलं. आणि सगळ्यांना अजूनही नाही पटलेलं. नेटवर्किंगवाल्या मेंटेनरांनी त्यांच्या ड्रायव्हरमध्ये यातल्या काही सोयी थेट वापरू नका असं लिहून ठेवलंय, आणि एकाच फंक्शनमध्ये गोटूची शिडी व ही पद्धत मिसळू नका असं तर या सोयीचा दस्तऐवजच सांगतो. शेवटी हा नियमसुद्धा माणसाने लक्षात ठेवायचा.

मग रस्ट. २०२१मध्ये मिगेल ओहेदाने प्रस्ताव मांडला, डिसेंबर २०२२मध्ये लिनक्स ६.१ मध्ये रस्टचा पाया आला आणि २०२४मध्ये ६.८ सोबत पहिला रस्ट ड्रायव्हर, एका नेटवर्क चिपचा. रस्टमध्ये प्रत्येक गोष्टीला एक मालक असतो. मालक संपला की वस्तू परत, घेतल्याच्या उलट्या क्रमाने. फसू शकणाऱ्या पायरीपुढे नुसतं एक प्रश्नचिन्ह लिहायचं, की फसल्यावर आतापर्यंतचं सगळं परत करून फंक्शन बाहेर पडतं. गोटूची अख्खी शिडी एका चिन्हात. आणि परत केलेली वस्तू वापरायला गेलात तर कोड कंपाइलच होत नाही. वर सांगितलेल्या 'कधी' या प्रश्नाचंही उत्तर बऱ्याच अंशी इथे मिळतं, कारण कोण कोणापेक्षा जास्त जगतो हे कंपायलर विचारतो.

रस्ट म्हणजे रामबाण नव्हे, हेही लिहायला हवं. लीक होणार नाही अशी हमी रस्टही देत नाही. हार्डवेअरशी बोलायला 'अनसेफ' लिहावंच लागतं, आणि डिसेंबर २०२५मध्ये कर्नेलच्या रस्ट कोडमधली पहिली सीव्हीई नोंदली गेली ती नेमकी अनसेफ भागाशी संबंधित, अँड्रॉइडच्या बाइंडर ड्रायव्हरमध्ये. जुन्या मेंटेनरांचा विरोधही निव्वळ हेकेखोरपणा नाही. दोन भाषांतला कोड पुढची वीस वर्षं कोण सांभाळणार, हा प्रश्न खराच आहे, आणि २०२५च्या सुरुवातीला त्यावरून चांगलीच जुंपली होती. तरीही डिसेंबर २०२५च्या मेंटेनर बैठकीत रस्टवरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढायचं ठरलं. गूगलचे आकडेही बोलके आहेत: अँड्रॉइडमधल्या एकूण सुरक्षा त्रुटींत मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४मध्ये २४ टक्क्यांवर आला. जुना कोड तसाच ठेवून, फक्त नवा कोड सुरक्षित भाषांत लिहीत गेल्यामुळे.

या सगळ्याकडे एकत्र पाहिलं की मला त्यात भाषांच्या भांडणापेक्षा एक वेगळीच गोष्ट दिसते. गोटूची शिडी, डेव्हरेसची वही, कंपायलरने घातलेली ओळ, रस्टचा मालक. प्रत्येक पायरीवर 'आठवण ठेव' हे काम माणसाच्या डोक्यातून काढून दुसरीकडे ठेवलं गेलं. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणालंच की चांगल्या प्रोग्रॅमरला याची गरज नसते. लोककथेत अभिमन्यू आईच्या पोटात ऐकत असताना सुभद्रेला झोप लागली म्हणून बाहेर पडायची युक्ती अर्धवट राहिली. यात त्याची काय चूक? कोणी एकदा सांगितलेलं ऐकून, रणांगणात आठवून, एकट्याने बाहेर पडायचं, ही व्यवस्थाच मुळात धोक्याची होती.

असो. लेख फार लांबला. सोमवारी ऑफिसला गेलात की आपापल्या प्रोजेक्टमधले कॅच ब्लॉक जरा उघडून बघा. त्यातले किती प्रत्यक्षात एकदा तरी चाललेत, आणि चालले तर मागचं सगळं परत करतात का, ते तपासा. आणि काही सापडलं तर 'हे कोणी लिहिलं' असं विचारायच्या आधी हे विचारा, की ते आठवणीत ठेवायची वेळ त्याच्यावर का आली होती.